शमीमआपांनी रद्द केलेलं वर्ष

मंगळवार, ९ डिसेंबर. संध्याकाळचं दूध टेम्पोत चढवलं, कॅन धुऊन उपडे घातले आणि केंद्राच्या पायरीवर बसून विळ्यांना धार लावून घेतली. उद्या सकाळी माळावरचं गवत कापायचं आहे. जनावरांसाठी नाही, मोजण्यासाठी. आजवर हे काम शमीमआपांच्या देखरेखीखाली व्हायचं. यंदा त्या नाहीत. दिवाळीनंतर गेल्या. त्यांच्याविषयी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी काही लिहून द्या, असा निरोप येऊन बरेच दिवस झाले. मला सवड नव्हती हे खरं, आणि मी सवड काढली नाही हेही खरं. आज विळे झाले की लिहायला बसायचंच, असं ठरवलं होतं, म्हणून बसले आहे.

बातमी आली तेव्हा मी दुधाचं फॅट तपासत होते. श्रीगोंदा तालुक्यातलं आमचं गाव. कालव्याच्या खाली ऊस, कालव्याच्या वर माळ. गावातलं दूध संकलन केंद्र मी चालवते. सकाळची रांग लागलेली आणि मोबाईलवर नसरीनचं नाव दिसलं. नसरीन आपांची पुतणी, भिंगारला त्यांच्याजवळ राहायची. "मावशी, फुप्पी गेली," एवढंच म्हणाली. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि रांग पूर्ण केली. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. पण तापलेलं दूध अर्ध्यावर सोडून जाता येत नाही, तसं रांगेत ताटकळून नासणारं दूधही सोडून जाता येत नाही. आपांनाही रांग मोडून आलेली ही सुनंदा आवडली नसती. मग एसटीने नगर, तिथून रिक्षाने भिंगार. मी पोहोचले तोवर त्यांना कब्रस्तानात नेलं होतं. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, त्यांच्यात मीही बसले. कोणी ओळख विचारली तर नसरीन सांगायची, "फुप्पीच्या माळावरच्या." त्या घरात मला हेच नाव होतं.

आपांची आणि माझी ओळख या माळामुळेच झाली. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी हळहळलं तर त्यालाच पाणी विचारून विषय संपवायच्या. आमच्या माळाची कागदोपत्री नोंद 'पडीक' अशी होती. पडीक जमीन म्हणजे रिकामी जमीन, असं धरून तिच्यावर यंत्राने चर खोदून झाडं लावायची योजना आली होती. झाडं कोणाला नको असतात? पण माळ रिकामा नव्हता. धनगरवाड्यातली मेंढरं वर्षातले बहुतेक महिने त्याच्यावर जगतात, केंद्रात येणाऱ्या दुधाचा चारा उन्हाळ्यात तिथूनच येतो, आणि खालच्या विहिरींना पाणी त्याच उतारावरून मुरून येतं. हे आम्हाला माहीत होतं. योजना मंजूर करणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला माहीत नव्हतं, आणि 'आम्हाला माहीत आहे' या वाक्याला सरकारी बैठकीत काही किंमत नसते. गावच्या जैवविविधता समितीत माझं नाव होतं, कारण ग्रामपंचायतीला एक बाई लागत होती. कोणीतरी सांगितलं, भिंगारला एक शेख मॅडम आहेत, त्या गवत मोजतात. मी फोन केला. दुसऱ्या आठवड्यात फाट्यावर एसटीतून एक बुटक्या, चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेल्या बाई उतरल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लोखंडी चौकट. माझ्या स्कूटरवर मागे बसून ती चौकट त्यांनी गळ्यात घातली, आणि आम्ही तशाच गावातून गेलो. त्या दिवसापासून गावाने आम्हाला हसायला सुरुवात केली.

माळ मोजायचा म्हणजे काय, हे मला आपांनी शिकवलं. एका चौकटीत गवताच्या किती जाती, कोणती किती, कापून वाळवल्यावर वजन किती. मारवेल, पवन्या, कुसळी ही नावं मला ठाऊक होती, पण एका चौकटीत इतकं काही उगवत असेल असं कधी वाटलं नव्हतं. पहाटे ठरलेल्या वाटेने चालत चंडोल, टिटव्या, तित्तर मोजायचे. जमिनीत एक लोखंडी कडं ठोकायचं, त्यात पाणी ओतायचं आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. हे पाणी ओतणं भागूबाईने पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती काठीवर हनुवटी टेकवून उभीच राहिली. भागूबाई धनगरवाड्यातली. तिचा जन्म मेंढरांमागे गेलेला, आणि जीभ गावातल्या कोणालाही घाबरत नाही.

"म्याडम, माळाला तहान लागली व्हय?"

"लागलीय ना," आपा मान वर न करता म्हणाल्या. "बघा कसा घटाघट पितोय."

"आन् आमच्या मेंढरांला कवा पाजनार?"

"ती आधी चौकटीतून बाहेर काढा, मग पाजते." असं म्हणून त्या मेंढ्यांकडे वळल्या आणि हिंदीत ओरडल्या, "चलो, बाजू हो, बाजू हो!" मेंढरांशी त्या नेहमी हिंदीतच बोलायच्या. का, ते मी कधी विचारलं नाही. मेंढरं मात्र ऐकायची.

चौकट कुठे ठेवायची यावरून आमचा पहिलाच वाद झाला. आपांनी माळाच्या नकाशावर चौकोन आखले होते, प्रत्येकाला नंबर दिला होता. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकून उचलायच्या, निघेल त्या चौकोनात मोजायचं. मी म्हटलं, आपा, ओढ्याच्या अंगाला गवत कमरेएवढं आहे, तिथे ठेवा ना चौकट, आपल्याला माळ चांगला आहे हेच तर दाखवायचंय. त्यांनी उलट विचारलं, "तू दुधाचं सॅम्पल घेताना आधी काय करतेस?"

"कॅन ढवळते."

"का?"

"वरवरचं घेतलं तर साय येईल. फॅट खोटं लागेल."

"मग हे ढवळणंच आहे," आपा म्हणाल्या आणि डबा खुळखुळवून माझ्यापुढे धरला. त्यानंतर मला या कामातलं काही वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या पावसाळ्यापूर्वी चिठ्ठ्यांप्रमाणे जागा ठरल्या. प्रत्येक जागेच्या कोपऱ्यांवर दगड ठेवले. अट एकच होती, मेंढरं रोजच्यासारखी तिथेही चरली पाहिजेत. चरून झाल्यावर काय उरतं आणि काय पुन्हा फुटतं, तेच आपांना बघायचं होतं. दगडांना चुना लावला, तो पहिल्याच सरींनी धुऊन गेला. मग आपा भिंगारच्या बाजारातून ऑइलपेंटचा डबा घेऊन आल्या. वाळल्या गवतात लांबून ठळक दिसावा म्हणून रंग घेतला नारिंगी. आम्ही दोघींनी एका सकाळी सगळे दगड रंगवले, हात रॉकेलने धुतले आणि घरी आलो. त्यांच्या डोक्यात काही आलं नाही, माझ्याही आलं नाही. माळावर नारिंगी दगड ठेवून परत फिरणाऱ्या आम्ही दोघी शहाण्या बायका!

हिवाळ्यात कापणीला गेलो तर आमच्या जागांमध्ये गवत दाट, उंच, टवटवीत कणसांचं. आजूबाजूला चरलेला माळ आणि मधे हे हिरवे-पिवळे तुकडे. मला आनंद झाला. एवढं वजन भरल्यावर समिती काय बोलणार? मी विळा घेऊन बसणार, तेवढ्यात आपा थांब म्हणाल्या. त्या एका दगडापाशी वाकल्या होत्या. दगडावर हळदकुंकू होतं, पुढे नारळाची करवंटी आणि वाळलेलं लिंबू. दुसऱ्या दगडापाशीही तेच. भागूबाई जवळच होती, तिला बोलावलं.

"हे काय आहे, भागूबाई?"

"म्हसोबा," भागूबाईने जरा आश्चर्यानेच सांगितलं. "तुमीच बसवलाय न्हवं?"

"मी?"

"मंग कुनी? आमी सगळ्या बोललो, बाई मुसलमान हाय, पर आपल्या माळासाठी म्हसोबा बसवलाय, लई मोठ्या मनाची. तवापासनं तिथं एक मेंढरू जाऊ दिलं न्हाई. पोरासोरांनाबी दटावलंय."

आपा दगडापासून थोड्या दूर जाऊन मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. मीही हसले, भागूबाईही हसली, नक्की कशाला ते न कळताच. मग आपा हसायच्या थांबल्या. "भिंगारात शेंदरी दगड बघत जन्म गेला माझा," हळूच म्हणाल्या, "आणि रंग घेताना एवढं सुचू नये मला."

विळे न चालवताच आम्ही उतरलो. उतरताना त्यांनी सांगितलं, हे वर्ष रद्द. जिथे मेंढरू शिरलंच नाही, तिथलं वजन घेऊन हा चरणारा माळ आहे असं कसं सांगणार? मी म्हटलं, कोणाला कळणार आहे? कापू, वाळवू, वजन लिहू. त्या म्हणाल्या, "मला कळलंय ना." मी आणखी बोलणार होते, पण मला माझं केंद्र आठवलं. सख्ख्या जावेच्या दुधालाही मी जे फॅट लागेल तेच लिहिते. एकदा वाढवलं की रांगेतला शेवटचा माणूसही माझ्या मशिनवर विश्वास ठेवणार नाही.

गावाला मात्र ते पटलं नाही. ग्रामपंचायतीसमोर आपांनी सगळ्यांना सरळ सांगितलं, चूक माझी, रंग माझा, यंदा समितीला द्यायला आपल्याकडे आकडे नाहीत. भागूबाई पुढे आली. आदल्या दिवशीचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"गवत तर हाय की! डोळ्यांनी दिसतंय. मंग तुमी हायसा तरी कुनाच्या बाजूनं?"

"बाजूच घ्यायची असती तर मोजायला कशाला आले असते, भागूबाई? घरी बसूनच लिहून दिलं असतं."

"तसंच द्यायचं हुतं मग," भागूबाई म्हणाली आणि निघून गेली. तिच्यामागे बाकीच्याही गेल्या.

जिल्ह्याच्या बैठकीला आपांबरोबर मी होते. समितीवरच्या साहेबांनी विचारलं, मॅडम, वर्षभर काम करून काहीच आणलं नाही? आपांनी म्हसोबाची हकिगत जशीच्या तशी सांगितली. लोक हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे आकडे घेऊन सगळेच येतात. आकडे मागे घ्यायला कोणी आलं नव्हतं." त्यांनी वरच्या माळाचं काम एक वर्ष थांबवलं. खालच्या उताराचं मात्र थांबवता येणार नाही म्हणाले, यंत्रं ठरली होती. आणि खरंच, उन्हाळ्यात खालचा उतार खोदला गेला. भागूबाईची मेंढरं त्याच उतारावर जास्त चरायची. चर खोदताना ती बांधावर उभी राहून बघत होती, असं मला माझ्या मालकांनी सांगितलं. मी गेले नाही बघायला. आपा गेल्या. यंत्राचा आवाज थांबेपर्यंत बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या.

पुढच्या मोसमात आपांनी कोपऱ्यांवर दगड ठेवलेच नाहीत, जमिनीबरोबर खिळे ठोकले. नारिंगी दगड उचलून टाकायचे का, असं मी विचारलं, तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देव झालेत ते आता. आपण ठेवले होते म्हणून आपले राहिले नाहीत." त्या जागांवरून जाताना त्या चपला हातात घ्यायच्या, लांबून वळसा घालायच्या आणि पुढे जाऊन चपला घालायच्या. ते मला दाखवण्यासाठी नव्हतं, मी पुढे असायचे, मला कधीकधी दिसायचंही नाही. भागूबाईला दिसलं. एका सकाळी आम्ही कडं ठोकत होतो, तर ती किटलीभर शेळीच्या दुधाचा चहा घेऊन आली. कपबशी आपांपुढे आपटली.

"प्या. साखर लई टाकलीय. तुमचं त्वांड कडू हाय."

"माझं तोंड? तुमचं काय गोड आहे?"

"म्हनून तर दोन कप आनल्यात."

माझ्यासाठी तिसरा कप नव्हता, हे मी तेव्हाही बोलून दाखवलं होतं.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला आणि वजनंही बेताचीच भरली. आपांनी ती तशीच दिली. पण त्यांनी शेजारी म्हसोबाच्या जागाही, चपला बाहेर ठेवून, मोजून ठेवल्या होत्या, वेगळ्या, 'इथे चरण नाही' असं स्पष्ट लिहून. एकाच माळावर चरलेलं आणि न चरलेलं असं शेजारी शेजारी ठेवल्यावर साहेबांना जे दिसलं, ते धनगरवाड्यालाही दिसलं. माळ मेलेला नाही, विसावा दिला तर उठतो. मग भागूबाईनेच वाड्यात बोलून माळाचा एकेक भाग पाळीपाळीने बंद ठेवायचं ठरवलं. ते तिने समितीला सांगून केलं नाही, आपल्या मेंढरांसाठी केलं. आणि कड्यातलं पाणी खोदलेल्या उतारापेक्षा गवताखाली लवकर मुरत होतं, हेही कागदावर गेलं. वरच्या माळावर चर खोदायचे नाहीत, झाडं फक्त ओढ्याकाठी लावायची, असं आराखड्यात आलं. 'पडीक'च्या जागी 'गवताळ माळ' हे दोन शब्द लिहिले गेले. अट अशी की दरवर्षी गावाने मोजून आकडे द्यायचे. मोजणी थांबली, किंवा माळ खालावतोय असं दिसलं, तर विषय पुन्हा उघडणार.

त्यानंतर आपा दरवर्षी येत राहिल्या. चिठ्ठ्या मात्र आता कापणीच्या आदल्या संध्याकाळीच काढायच्या, म्हणजे खुणांचा घोळच नको. किडनीचं दुखणं सुरू झालं तरी डायलिसिसचा वार सोडून येत. चालवेनासं झालं तेव्हा बाभळीखाली खुर्ची टाकून बसत आणि आम्हाला ओरडत. त्यांना स्वयंपाक येत नव्हता, त्या एसटीत झोपून फाटा चुकवायच्या, चष्मा गळ्यात असताना घरभर शोधायच्या. हे सगळं मी त्यांच्या तोंडावर बोलायचे. गेल्यावर माणसाचं फक्त चांगलं सांगतात म्हणून हेही लिहून ठेवते.

शेवटची भेट गणपतीच्या आसपासची. बाजरी आणि शेंगा घेऊन भिंगारला गेले होते. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, हात सुजलेले. त्या सुजलेल्या बोटांनी शेंगा फोडत बसल्या. माळाबद्दल विचारतील असं वाटलं होतं, पण माझ्या गुडघ्यांचं विचारलं, जावेच्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. निघताना मीच न राहवून म्हटलं, आपा, यंदा कसं करायचं? त्या म्हणाल्या, "डबा तुझ्याकडेच आहे ना?" मी हो म्हटलं. "मग मला काय विचारतेस?" ...आणि नसरीनला हाक मारून सांगितलं, हिला सोडायला रिक्षापर्यंत जा, हिला रस्ता ओलांडता येत नाही. मला रस्ता चांगला ओलांडता येतो.

आज संध्याकाळी विळ्यांना धार लावायच्या आधी चिठ्ठ्या काढल्या. भागूबाई आली होती. यंदाचं वर्ष सोपं नाही. पाऊस इतका लांबला की सखल भागातलं गवत उभ्याने कुजलं. वजनं कमी भरणार हे न मोजताच दिसतंय. त्यात एक चिठ्ठी नेमकी नको त्या जागेची निघाली. तो चौकोन वरच्या माळाच्या टोकाचा. पावसाने रस्ते वाहून गेले, ते बुजवायला कोणीतरी ट्रॅक्टर लावून तिथला मुरूम ओरबाडून नेला आहे. गवताची काडी राहिलेली नाही.

"ती परत टाक डब्यात," भागूबाई म्हणाली.

"आपांनी कधी टाकली होती?"

"आपाच्या येळंला मुरूम कुनी न्हेला हुता का? सुनंदा, एकदा खालचा उतार घालवलाय ह्या खरेपनापायी. वरचाबी घालवायचा हाय का तुला?"

ती म्हणते त्यात खोटं काही नाही. खालचा उतार गेलाच. त्यात तिचं गेलं, माझं तेवढं गेलं नाही. चिठ्ठी घडी करून पेल्याखाली ठेवली आहे. डबा समोर आहे. उद्या उजाडेपर्यंत काय ते ठरवायचं आहे, आणि आज फोन करून विचारायला आपा नाहीत.

बुधवार. सकाळचं दूध उरकून, उन्हं वर आल्यावर माळावर गेले. भागूबाई आधीच बाभळीखाली होती. तिच्याशी न बोलता सरळ मुरूम काढलेल्या जागी गेले आणि चौकट उघड्या खडकावर ठेवली. कापायला काही नव्हतं. तरी गुडघे दुमडून खाली बसले आणि चारही कोपरे नीट बघून घेतले. गवताच्या रकान्यात शून्य लिहिलं. शून्यासमोर कारण लिहिलं: मुरूम काढून नेला. मग ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांचे, खड्ड्याचे, शेजारी उभ्या असलेल्या गवताचे फोटो काढले, तलाठ्यांना फोन लावला आणि तक्रार लेखी घेऊन दुपारी येते म्हणून सांगितलं.

भागूबाई मागे येऊन उभी राहिली होती.

"काय लिवलंस?"

"शून्य."

"आन् फोन कुनाला?"

"तलाठ्याला. शून्य कशामुळं झालं ते सांगायला नको? साक्षीला चल दुपारी."

तिने खड्ड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मेंढरं कोन बघनार?" म्हणाली. तिनेच चौकट उचलून खांद्यावर टाकली आणि विचारलं, "म्होरली चिठ्ठी कुठली?"

ओढ्याच्या अंगाची होती. आम्ही तिकडे गेलो.